जड कोठा आणि हाँगकाँगच्या गोळ्या

आमचं कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दारामागे असतं. त्यात दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीच्या सुट्ट्या आणि गेल्या नोव्हेंबरपासून माझी टिंबं. टिंब म्हणजे पोट साफ झालं. गेले, बसले, पण अर्धंच झालं, तर पोकळ गोल. काहीच नाही तर चौकट कोरी. नोव्हेंबरात सात टिंबं होती. ह्यांना पहिले काही दिवस वाटत होतं की मी कसला तरी जप मोजतेय.

वय ७१, राहणार पाचपाखाडी, ठाणे. कोठा जड आहे हे मला लहानपणापासून सांगितलं गेलंय, जसं एखादीला तू सावळी आहेस असं सांगतात तसं. चरईतल्या आमच्या चाळीत बावीस बिऱ्हाडांना चार संडास होते. त्यातले दोन बायकांचे, आणि त्या दोनांतल्या एकाची कडी कायम तुटलेली. टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि नंबर लागलाच तर एका हाताने दार धरून बसायचं. बाहेर कुणीतरी खाकरत असायचं. अशात होतंय काय! मग "संध्याकाळी बघू" म्हणून परत यायचं. महिन्यातून एका रविवारी आई सुंठीच्या चहातून एरंडेल द्यायची. चारही भावंडं नाक दाबून रांगेत. त्या दिवशी चाळीतल्या बाकीच्या बिऱ्हाडांचे हाल.

पुढे नोकरी. ठाण्याहून सकाळची फास्ट, व्हीटीला उतरून बस, मग कचेरी. ३१ वर्षं. घरातून निघेपर्यंत डबे, मुलीची शाळा, सासूबाईंचं पथ्य. पोटात कळ यायची ती गाडी मुलुंड सोडून पुढे गेली की. भायखळ्यापर्यंत ती आपोआप विरायची. कचेरीतलं बायकांचं स्वच्छतागृह कसं होतं ते न सांगितलेलं बरं. मी एकटीच नव्हे, आमच्या डब्यातल्या निम्म्या बायका रात्री कसलं ना कसलं चूर्ण घेत होत्या आणि त्याची देवाणघेवाण भाजी निवडता निवडता चालायची. माझं सोनामुखीचं होतं. चमचाभर, कोमट पाण्याबरोबर. निवृत्त झाले तरी ते सुटलं नाही. पुढे पुढे एका चमच्याचे दोन झाले.

गेल्या वर्षी गौरी जेवल्या त्या दिवशी हे सगळं माझ्या अंगाशी आलं. सहा दिवस काही नाही, आणि सातव्या दिवशी एकदम पातळ. दर अर्ध्या तासाला. पुरणाचं जेवण, पाहुणे, आणि मी सारखी आत. जुलाबच लागले समजून मी घरात असलेली जुलाब थांबवायची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं. आमचे डॉक्टर वीस वर्षांचे ओळखीचे, पण या प्रसंगी हातमोजा चढवताना त्यांनाही अवघडल्यासारखं झालं असावं. "काकू, हे जुलाब नाहीत. खाली घट्ट गोळा अडकलाय आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपतंय. वर तुम्ही बूच मारलंत." एनिमा दिला. नंतर जे झालं ते झालं, पण नर्सबाईंचा चेहरा जराही बदलला नाही याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मुलगी हाँगकाँगला असते. तिला हे मी सांगितलं नव्हतं, ह्यांनी सांगितलं. दिवाळीला ती आली ती एक डबा घेऊन. आत काळसर तपकिरी गोळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. वास थोडा च्यवनप्राशासारखा, थोडा जुन्या लाकडी कपाटासारखा. "तिकडे सगळ्या आज्या हेच घेतात, आई."

नाव मा झ रेन वान. सुमारे १८०० वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने लिहून ठेवलेला पाठ, असं ती म्हणाली. सहा घटक: भांगेच्या बिया, रेवाचिनी (पोट साफ करणारं एक मूळ), जर्दाळूच्या बियांतला गर, कच्चं कडू संत्रं, मॅग्नोलियाची साल आणि पिओनीचं मूळ. ह्यांनी भिंग घेऊन डब्यावरची लॅटिन नावं वाचली आणि 'कॅनाबिस' शब्दापाशी थबकले. "ही भांग विमानतळावरून आलीच कशी?" मुलीने समजावलं की बियांमध्ये नशा नसते, तेल असतं, आणि त्या तेलानेच आतडं ओलं राहतं. आपल्याकडेही २०२१ पासून भांगेच्या बिया खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे. उत्तराखंडात तर त्यांची चटणी करतात. तरी पुढचे चार दिवस मी जरा मोठ्याने हसले की हे डब्याकडे बघायचे.

मुलीचा स्वभाव माझ्यासारखाच, अर्धवट काही सोडायचं नाही. तिच्या ओळखीच्या चिनी वैद्यांशी तिने व्हिडिओ कॉल जुळवला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, दिवाणखान्यात, मागे आकाशकंदील, आणि मी फोनसमोर जीभ बाहेर काढून बसलेली. जीभ पांढरट की लाल, कडेला दातांचे ठसे आहेत का, मधे चीर आहे का, सगळं बघितलं. मग प्रश्न. पाय गार पडतात का? रात्री लघवीला किती वेळा उठता? तहान लागते का, आणि लागली तर गार पाणी हवंसं वाटतं की गरम? खडे होतात की चिकट? झाल्यावर थकवा येतो का? मुलगी मधे बसून भाषांतर करत होती आणि काही शब्दांना तिचं मराठी कमी पडत होतं. "आई, खडे म्हणजे... दगड ना?"

आणि मग एक प्रश्न असा आला, जो आजवर मला कोणत्याच डॉक्टरांनी विचारला नव्हता. कळ येते तेव्हा तुम्ही काय करता?

मी म्हटलं, "थांबवते." इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. आता कुठली गाडी पकडायची आहे? तरी दूध उतू जाईल, बेल वाजेल, ह्यांचा चहा राहिलाय, म्हणून थांबवतेच.

वैद्यबुवांनी मुलीने आणलेल्या डब्याचं कौतुक केलं नाही. त्यांच्या हिशेबात ती गोळी कोरड्या आणि तापलेल्या आतड्यासाठी. माझे पाय गार, रात्री तीनदा उठणं, म्हणजे म्हातारपणाची वेगळी जात. नदीत पाणीच नसेल तर होडी ढकलून काय उपयोग, आधी पाणी वाढवा, अशी त्यांच्याकडे म्हण आहे म्हणे. ठाण्याच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. ओहोटीला खाडीच्या कडेला गाळात रुतलेल्या होड्या मी जन्मभर गाडीतून पाहत आलेय. अशा रोग्यांना ते दुसरा काढा देतात. त्यात वाळवंटात दुसऱ्या झाडांच्या मुळांवर वाढणारी एक वनस्पती मुख्य असते. पण नाडी न बघता तो देणार नाही म्हणाले. आणि डब्यातलं औषधही तिकडच्या डॉक्टरांना तुमच्या चालू गोळ्या दाखवल्याशिवाय सुरू करू नका. परदेशातल्या वैद्याने फोनवरून औषध विकलं नाही, तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

डॉक्टरांकडे मी डबा आणि गोळ्यांची पिशवी दोन्ही घेऊन गेले. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि पिशवी टेबलावर उपडी केली. कॅल्शियम. लोहाची गोळी. रक्तदाबाची, तीही लघवीवाटे पाणी काढणारी. आणि गुडघ्यासाठी अस्थितज्ज्ञांनी दिलेली ट्रामाडॉल, दिवसातून दोनदा. "काकू, यातल्या पहिल्या दोन कोठा धरतात, तिसरी पाणी कमी करते आणि ही चौथी अफूच्या कुळातली. अफू आतड्याला झोपवते. तुम्ही एका हाताने झोपवताय आणि दुसऱ्या हाताने सोनामुखीचे फटके मारताय."

ही अफूची गोष्ट ह्यांना फार आवडली. ह्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणजे इतिहासाची पुस्तकं. १८३९ मध्ये चीनच्या कँटन बंदरात अफू जप्त करणारे चिनी आयुक्त लिन झेशू यांनी व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्र लिहिलं; त्यात चहा आणि रेवाचिनी या दोन जिनसांवाचून तुमचे देश एक दिवस तग धरू शकणार नाहीत, असा मुद्दा होता. म्हणजे रेवाचिनी दिली नाही तर युरोप तुंबून मरेल! आणि चीनला जाणारी माळव्याची अफू तर मुंबई बंदरातूनच निघायची. "बघ," हे म्हणाले, "ते अफू घेऊन रेवाचिनी देत होते. तुझ्या पिशवीत अजून तोच व्यापार चाललाय."

डॉक्टरांना रेवाचिनीचीच जास्त काळजी होती. तिच्यात आणि सोनामुखीत आतड्याला ढोसणारी द्रव्यं एकाच कुळातली असतात. दोन्ही एकदम घेतली तर जुलाब होतील आणि पोटॅशियम घसरेल, त्यात माझी ती रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम कमी करणारी. शिवाय हे औषध आपल्याकडच्या कुठल्याच मान्य पद्धतीत बसत नाही, त्यामुळे "माझ्या पॅडवर मी ते लिहिणार नाही" हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. ब्रुसेल्समधल्या बायकांची हकिगतही सांगितली. वजन कमी करण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतल्या. एका मुळाऐवजी भलतंच विषारी मूळ त्यात गेलं होतं, आणि किडन्या निकामी झाल्या. ते १९९३ मध्ये उजेडात आलं. "चिनी म्हणून मी घाबरत नाही, काकू. डब्यावर लिहिलंय तेच डब्यात आहे का, याला घाबरतो." या डब्यावर हाँगकाँगचा नोंदणी क्रमांक होता. मुलीने तो तिथल्या सरकारी यादीत तपासून दाखवला तेव्हा ते जरा निवले.

रेवाचिनी म्हणजे असते तरी काय, म्हणून मी मुद्दाम जांभळी नाक्याला काष्ठौषधींच्या दुकानात गेले. दुकानदाराने बरणीतून पिवळट तपकिरी तुकडे काढून कागदावर ठेवले. बोटाला हळदीसारखा रंग लागला. "नाव चिनी, माल हिमालयातला," तो म्हणाला. "बाळंतिणीसाठी की तुमच्यासाठी?" मी काही न बोलता पन्नास ग्रॅम ओवा घेऊन परत आले.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.२, पोटॅशियम ३.४, थायरॉइड ठीक. रक्त कमी, वय सत्तरीपुढे आणि पोटाची सवय बदललेली, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर आतडं दुर्बिणीने आतून बघण्याला पर्याय नव्हता. आदल्या रात्रीचं ते खारट-गोड पाणी प्यायला दोन लिटर. त्या एका रात्रीत ३१ वर्षांची बाकी वसूल झाली. दुसऱ्या दिवशी पोटविकारतज्ज्ञांनी फोटो दाखवला. आतड्याचं अस्तर गुलाबी हवं, माझं कळकट तपकिरी, मधे मधे जाळी. मला धडकीच भरली. "सोनामुखी किती वर्षं घेताय?" त्यांनी विचारलं. नुसत्या रंगावरून ओळखलं. याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात. घातक नाही, चूर्ण बंद केलं की काही महिन्यांत ओसरतं. गाठ नाही, व्रण नाही, मूळव्याध किरकोळ. घरी येऊन मी चूर्णाची बाटली कचऱ्यात टाकली. 'संपूर्ण नैसर्गिक' असं तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

ट्रामाडॉल बंद झाली, गुडघ्याला साधी पॅरासिटामॉल आणि शेक. लोहाची गोळी बदलली. शिवाय आतड्यात पाणी धरून ठेवणारी पावडर दिली, रात्री पाण्यात विरघळवून घ्यायची. डिसेंबरात टिंबं दहा झाली.

डब्याचं काय? मुलगी मागे लागली होती. तिने हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठातल्या वैद्यांनी केलेल्या अभ्यासाची माहिती पाठवली, २९१ रुग्णांवरची. एका गटाला हेच औषध, दुसऱ्याला सोनामुखी, तिसऱ्याला नुसतीच दिसायला तशी, आत काही नसलेली पुडी. आठ आठवडे. शंभरांत साधारण ६८ जणांना या औषधाने गुण आला, सोनामुखीने ५८, आणि आत काही नसलेल्या पुडीने ३३. हा शेवटचा आकडा वाचून मी बराच वेळ हसत होते. तिघांतल्या एकाचं पोट नुसत्या भरवशावर साफ! पण औषध बंद केल्यावर सोनामुखीवाले वीसच्या आसपास घसरले आणि चिनी औषधवाले ४७ वर टिकले, हा मुद्दा डॉक्टरांनाही पटला. "त्यात तुमच्या वयाचे आणि तुमच्याएवढ्या गोळ्या खाणारे किती होते?" असं मात्र त्यांनी विचारलंच. शेवटी तह झाला. पोटॅशियम वर आल्यावरच सुरू करायचं, पावडर त्या काळात बंद, मात्रा डब्यावरच्या निम्मी, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त, आणि आठ आठवड्यांवर एक दिवस नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी पहिली मात्रा घेतली. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. साडी नेसून झाली, गजरा माळला आणि पोटात असा मुरडा आला की मी हळदीकुंकू स्नानगृहातूनच ऐकलं. मधली भिंत आमची एकच. मात्रा आणखी कमी केली. मग बसलं. तिसऱ्या आठवड्यापासून मऊ, न रडवता. पोटॅशियम ३.९. जानेवारी-फेब्रुवारीत महिन्याला बारा-तेरा टिंबं, म्हणजे वाईट नाही. पण गोल वाढले. कळ यायची, मी जायची (आता थांबवत नव्हते), बसायची, आणि माल दाराशी येऊन तिथेच. वीस मिनिटं, अर्धा तास. ह्यांचा पेपर वाचून व्हायचा.

हेच मी तज्ज्ञांना सांगितलं तेव्हा त्यांनी मुलुंडच्या एका रुग्णालयात फुग्याच्या चाचणीला पाठवलं. लाज सोडून सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. ५० मिलिलिटर पाणी भरलेला छोटा फुगा गुदद्वारातून आत ठेवतात आणि तो तुम्ही बाहेर टाकायचा. साधारण मिनिटभरात पडायला हवा. माझा पाच मिनिटांत पडला नाही. निदान असं की मी जोर लावते तेव्हा खालचा स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळतो. कुठलीही गोळी, चिनी असो की आपली, मालाला दारापर्यंतच आणणार.

तो स्नायू सैल करायला शिकवतात, फिजिओथेरपीत. आठवड्यातून एकदा, सहा वेळा गेले. आत एक नाजूक नळी, ती पडद्याला जोडलेली. पडद्यावर रेघ: आवळलं की वर, सोडलं की खाली. शिकवणारी मुलगी माझ्या नातीपेक्षा थोडीच मोठी. म्हणाली, "आता संडासला बसल्यासारखं करा." मी जोर केला. रेघ वर. पुन्हा केला, आणखी वर. "आजी, तुम्ही एका हाताने दार ढकलताय आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवताय," ती हसून म्हणाली. तिला चरईची चाळ माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला एकदम त्या तुटक्या कडीच्या दाराचा गार पत्रा हाताला लागला. त्या दिवशी माझ्याने पुढे काही झालं नाही. ती बिचारी समजली, नळीचा त्रास होतोय.

तिसऱ्या वेळेपासून रेघ खाली यायला लागली. श्वास पोटात घ्यायचा, पोट पुढे सोडायचं, कुंथायचं नाही. कोपरं गुडघ्यांवर, आणि कमोडवर बसताना पाय उंचावर, म्हणजे उकिडवं बसल्यासारखा कोन येतो. यासाठी मी पाट नेला तर ह्यांनी अडवलं. "पाटाला पाय? ज्यावर आपण नैवेद्याचं ताट ठेवतो?" मग स्टेशन रोडवरून प्लास्टिकचं निळं स्टूल आणलं. १८० रुपये. सगळ्या प्रवासातली सगळ्यात स्वस्त वस्तू.

गोळ्यांचा डबा अजून निम्मा आहे. मुलगी विचारते, गुण कशाचा आला? कालनिर्णय पाहिलं तर ट्रामाडॉल गेल्यावर थोडं, गोळीने थोडं, आणि रेघ खाली यायला लागल्यावर सगळ्यात जास्त. जूनमध्ये १९ टिंबं. माझ्या वाट्याला त्या वैद्यबुवांचा एक प्रश्न आला तो मात्र मी गोळ्यांपेक्षा वरचा धरते. तलावपाळीच्या कट्ट्यावरच्या मैत्रिणी डबा मागतात. मी देत नाही. आधी कोणत्या गोळ्या खातेस ते सांग म्हणते, तर त्यांना राग येतो.

परवा सकाळी सातला चहाचं पातेलं गॅसवर होतं आणि कळ आली. मी गॅस बंद केला आणि गेले. स्टुलावर पाय टेकवतेय तोच बेल वाजली. कचरा न्यायला आलेला असणार, त्याला फार घाई असते. पुन्हा वाजली. ह्यांनी दिवाणखान्यातून हाक मारली, "अगं, बेल!"

मी श्वास पोटात घेतला आणि गप्प बसून राहिले. तिसऱ्या बेलला पेपर घडी घातल्याचा आवाज आला, मग चपला, मग दार उघडल्याचा.